बेडूक साफ करणाऱ्या उषाची पेटी

मी एक जुनी डिसेक्शनची पेटी आहे. पोटात दोन कात्र्या, चिमटा, सुया आणि एक धारदार सुरी. मित्रांनो, माझ्यावाचून कोणी डॉक्टर होत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१९७८ साली धनीरामने मला लेकीसाठी, उषासाठी, भंडाऱ्याहून आणलं. तो लाखनीजवळच्या तलावात मासे धरायचा. उषा सायकलने कॉलेजात जायची, अकरावी सायन्सला.

पहिल्याच प्रॅक्टिकलला तिने बेडूक दोन मिनिटांत साफ केला. कातडी सोलली, आतलं सगळं फेकलं, धुऊन ट्रेमध्ये ठेवला. घरी मासोळी करायची तसाच! लक्ष्मणराव सरांनी कपाळाला हात लावला. "अवं पोरी, फेकलं तेच तं पाहाचं होतं!" वर्ग हसला, पण मला तिचा हात आवडला. पुढे तिच्याइतकं सफाईदार काम कोणाचंच नव्हतं.

बारावीला गुण असे पडले की मेडिकल आणि इंजिनीअरिंग, दोन्हीकडे जागा मिळाली असती. सर म्हणाले, मेडिकल. आई बेबीबाई म्हणाली, डॉक्टरकीला साडेपाच वर्षं लागतात, इंजिनीअरिंगला चारच. पण डॉक्टरीणबाईचा मान मोठा, असंही तीच म्हणाली. मी तर फुशारूनच बसले होते. उषाने मेडिकलचा फॉर्म पुढे ओढला.

धनीराम जाळं शिवत होता. "काहून वं, तोंड काहून उतरलं?"

"सारे म्हणतात, माया हात चांगला आहे."

"हात तं मायाबी चांगला आहे. तुले काय आवडते ते सांग ना."

"मले तलावाचं गेट आवडते, बाबा. पाणी कसं अडते, कसं सुटते, ते. बेडूक कापतानी मले रडू येते."

दोन वर्षं मी तिच्या हातात होते आणि मला हे कळलं नव्हतं. फार वाईट वाटलं. तिने फॉर्म इंजिनीअरिंगचा भरला.

ती नागपूरला गेली, मी फळीवर. पात्यांना गंज चढला. पाटबंधारे खात्यात लागल्यावर सुट्टीत ती घरी आली, तेव्हा शेजारची सत्यभामा, नुकतीच अकरावी सायन्सला गेलेली, मला मागायला आली. उषाने मला घासलं, तेल लावलं, पण लगेच दिलं नाही.

"आधी सांग, तुले हे आवडते का?"

सत्यभामाने सुरी उचलून उजेडात धरली. "लय आवडते."

मित्रांनो, पेटी वापरून झाली की कोरडी करून ठेवा. आणि कोणाच्या हाती देण्याआधी त्याला एवढं विचारा.