आधी चूळ, मग सूर

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे. अंगाने पितळेचा, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, थोडा तिरसट. माझ्या पोटावर दोन पोचे आहेत, पण त्यांची मला लाज वाटत नाही. मला तीन कळा आहेत. त्या दाबल्या की माझे सूर बदलतात. त्यातली मधली कळ जरा नाजूक, एवढं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने पितळेचा पत्रा साच्यावर ठोकून ठोकून माझा रुंद कर्णा घडवला. नळी वाकवताना चेपू नये म्हणून त्याने आत गरम राळ ओतली आणि काम झाल्यावर ती काढून टाकली. मग मला पुसून त्याने एकदा जोरात फुंकून पाहिलं. शेजारच्या दुकानातला शिंपी दचकला आणि सुई बोटात टोचून घेऊन बसला. "चला, जमला एकदाचा!" कारागीर म्हणाला. ही माझी पहिली शाबासकी.

तिथून मी एका बँड पथकात आलो. पोस्टाच्या मागे त्यांची लांबट खोली होती. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर आम्ही, आणि दाराशी पाण्याचा पिंप. पिंपाला साखळीने पेला बांधलेला. पथकाच्या मास्तरांनी पिंपावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'आधी चूळ, मग सूर'. गोड खाऊन तसंच वाजवलं की साखरेची थुंकी फुंकीबरोबर नळीत उतरते आणि कळांना चिकटून बसते. म्हणून तो नियम. मास्तरांना आम्हा वाद्यांची काळजी होती. वाजवणाऱ्यांच्या दातांचा विचार मात्र तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

मला वाजवणारा होता एक उंचापुरा तरुण. आज तो आजोबा आहे, म्हणून मी त्यांना आजोबाच म्हणतो. काय वाजवायचे हो! लोक खिडक्या उघडून ऐकत उभे राहायचे. वर्षभर ते न चुकता चूळ भरायचे. पण वर्षाअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की नियम ठेवला गुंडाळून! त्या पंधरा दिवसांत पथक रोज संध्याकाळी गल्लोगल्ली फिरायचं आणि दारादारांत कुणीतरी ताट घेऊन उभं असायचं. चॉकलेटं, केक, टॉफ्या. "घ्या हो, सुट्टीचे दिवस आहेत, तोंड गोड करा!" आजोबांना नाही म्हणणं जमायचं नाही. दुपारी एक टॉफी डाव्या गालात जायची ती विरघळेपर्यंत तिथेच. ती संपली की दुसरी. वाजवतानासुद्धा गाल फुगलेला.

माझ्या कळा चिकटायच्या. आजोबा मला धुवायचे, तेल घालायचे, मी पुन्हा ठणठणीत. त्यांच्या दातांना कोण तेल घालणार? पुढच्या दातांच्या आधारावरच माझी वाटी, म्हणजे फुंकायचं तोंड, ओठांवर टेकते. तो आधार आतून पोखरत चालला होता. एका वर्षी, भर चौकात, वरच्या सुराला पुढचा एक दात कडकन मोडला. पुढे त्याच्या शेजारचा काढावा लागला, मग आणखी दोन. कवळी बसवली, पण मी टेकलो की ती हलायची आणि हवा सगळी बाजूने निघून जायची. आजोबांनी पथकात सांगितलं, "आता दम पुरत नाही. वय झालं." सगळ्यांना ते पटलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण कुणी फुंकल्याशिवाय मला बोलता कुठे येतं?

मग मी काळ्या पेटीत बंद होऊन कपाटावर गेलो. अकरा वर्षं! पेटीवर आधी धूळ बसली, मग जुनी वर्तमानपत्रं बसली, मग एक मोडका पंखाही येऊन बसला. मला फार वाईट वाटायचं. आजोबा खोलीत यायचे, पण वर बघायचे नाहीत.

मला खाली उतरवलं त्यांच्या नातीने. तिला घरात खारू म्हणतात, कारण लहानपणापासून तिच्या गालात खारीसारखं काहीतरी साठवलेलं असतं. स्टुलावर चढून तिने पेटी ओढली आणि पंख्यासकट खाली आली. गुडघा फुटला, पण रडली नाही. पेटी उघडून म्हणाली, "आजोबा, हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? आपलंच," आजोबा म्हणाले, आणि पेटीवरची धूळ बाहीने पुसू लागले.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहिले दोन महिने माझ्यातून नुसतं रेकणं निघायचं. शेजारच्या काकू विचारायच्या, "कुणाला बरं नाही का घरात?" पण पोरगी जिद्दीची. दोन वर्षांत तिने मला पुन्हा बोलतं केलं. अकराव्या वर्षी ती पथकात आली, आणि नव्या मास्तरांनी तिला सगळ्यात मानाचं काम दिलं. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी चौकात पहिली धून एकच ट्रम्पेट एकट्याने सुरू करतो, मग बाकीचे सामील होतात. तो ट्रम्पेट मी, आणि वाजवणारी खारू.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आई तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सरावाहून परस्पर गेल्यामुळे मी पेटीत तिच्या पायाशीच होतो. डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा तोंडात घालून बराच वेळ पाहिलं.

"वरच्या पुढच्या दोन्ही दातांवर, हिरडीजवळ, पांढरे डाग आलेत," त्या म्हणाल्या. "ही कीड लागायची सुरुवात आहे. अजून भोक पडलेलं नाही. आत्ता सांभाळलंस तर दात वाचतील."

"म्हणजे गोड बंद?" खारूचा चेहरा एवढासा झाला.

"बंद कशाला? जेवणानंतर एकदा खा, वर पाणी पी, आणि झोपण्याआधी दात नीट घास. दिवसभर गालात धरून चघळणं मात्र बंद. तोंडात साखर राहिली की जंतूंची मेजवानी चालू राहते, आणि त्यांनी केलेलं आम्ल दात खातं. हे दात पुन्हा येणार नाहीत हं. सुट्टी संपली की दाखवायला ये. डाग वाढले असतील तर मात्र मशीन लावून दात कोरावे लागतील."

वाटेत खारूने आईला विचारलं, "पुढचे दात गेले तर ट्रम्पेट वाजवता येतो?" आईला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आजोबांना विचार." घरी आल्यावर खारूने विचारलं. आजोबा चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "बघू, बघू."

खारूने स्वतःच एक पद्धत ठरवली. कुणीही टॉफी दिली की ती थेट माझ्या पेटीत टाकायची. रात्री जेवणानंतर त्यातली एक खायची, मग ब्रश. आयुष्यभर ज्यांच्याशी माझं हाडवैर, त्यांच्याच गादीवर झोपायची वेळ माझ्यावर आली! पण पोरीचं मला कौतुक वाटत होतं. तीन दिवस तिने पद्धत अगदी काटेकोर पाळली.

चौथ्या दिवशी घसरली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशींनी घरी केलेली टॉफी दिली, लोण्याच्या वासाची. "अगं, एकीने काय होतंय?" त्या म्हणाल्या. खारूने इकडे तिकडे पाहिलं आणि गालात सरकवली. चूळही भरली नाही. दुसऱ्या दिवशी दोन. त्याच्या पुढच्या दिवशी तर मोजायचंही तिने सोडून दिलं. मला सगळं कळत होतं, कारण ते गोड चिकट पाणी माझ्याच नळीत उतरत होतं. मी चिडलो होतो. आणि खोटं कशाला सांगू, घाबरलोही होतो. पुन्हा तेच कपाट माझ्या डोळ्यांपुढे येत होतं.

त्या संध्याकाळी, धून निम्म्यावर असताना, माझी मधली कळ खाली गेली ती वर आलीच नाही. "भॉऽऽ!" असा म्हशीने हंबरडा फोडावा तसा आवाज निघाला. ढोलवाला हसून हसून खाली बसला. आजोबा पाण्याचा कॅन घेऊन पथकाबरोबर चालत होते. त्यांनी कळेकडे पाहिलं, मग खारूच्या गालाकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुटं केलं. कळा बाहेर काढून कोमट पाण्यात धुतल्या, पुसल्या, तेल घालून परत बसवल्या. आई भाजी चिरत होती. खारू मान खाली घालून उभी. मग आजोबांनी तोंडातली कवळी काढून भांड्यात ठेवली, मला उचललं आणि ओठांना लावलं. अकरा वर्षं कपाटावर, दोन वर्षं नातीजवळ, आणि आता पुन्हा त्यांचे ओठ! मी जीव तोडून तयार झालो.

"फुस्स."

खारूला हसू फुटलं. आजोबांनी पुन्हा फुंकलं. गाल लाल झाले, मानेच्या शिरा फुगल्या. "फुस्स." आता ती हसली नाही.

आजोबांनी कवळी परत बसवली. "दम पुरत नव्हता हे खोटं होतं," ते म्हणाले. "दम आजही आहे. दात नाहीत. टॉफ्या चघळून चघळून घालवले मी. लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तू त्या दिवशी विचारलंस तेव्हाही नाही."

आईची सुरी थांबली. "बाबा, मलासुद्धा नाही सांगितलंत?"

"कुणालाच नाही. आणि बघ, मी गप्प बसलो त्याची शिक्षा हिला होणार होती."

खारूने गालातली टॉफी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग रडली. "आजोबा, माझे पण जाणार का हो?"

"जाऊ देणार नाही," आजोबा म्हणाले. "पण ते मी एकट्याने नाही करू शकत. तोंड तुझं आहे."

खारूने कानाला खडा लावला. उरलेले दिवस रोज जेवणानंतर एकच टॉफी, दोन वेळा ब्रश, आणि वाजवण्याआधी चूळ. ढोलवाला चिडवायचा, "काय गं, म्हातारी झालीस का?" ती म्हणायची, "व्हायचंय मला म्हातारी. पण दातांसकट!"

शेवटची संध्याकाळ आली. चौक माणसांनी गच्च भरला होता. बेकरीवाल्या मावशी मोठं ताट घेऊन पुढे आल्या. "घे गं, आज तर नाही म्हणूच नकोस. राग येईल हं मला."

खारूने ताटाकडे एकदा पाहिलं. पण ती ठाम राहिली. "मावशी, तुमची टॉफी जगात भारी आहे. पण जेवणानंतर खाईन. आधी चूळ, मग सूर." तिने आजोबांकडून पेला घेतला आणि सगळ्यांदेखत खळखळून चूळ भरली. मग मास्तरांनीही पेला मागितला. त्यांच्यामागून क्लॅरिनेटवाला, मग झांजवाला, आणि शेवटी कुरकुरत ढोलवालाही. "अहो, मी तर काठीने वाजवतो!" असं तो म्हणत होता, तरी त्याने चूळ भरलीच. गटाराशी ही भली मोठी रांग लागली. कॅन रिकामा झाला.

मग खारूने मला उचललं. वाटी दातांच्या आधाराला घट्ट टेकली. मधली कळ खाली गेली आणि टुणकन वर आली. मी असा वाजलो की समोरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. आजोबा रिकामा कॅन छातीशी धरून उभे होते आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

सुट्टीनंतर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आरसा घातला. "डाग तसूभरही वाढलेले नाहीत. मशीन नको. पण ते पूर्ण गेलेलेही नाहीत, तेव्हा अजून कित्येक महिने असंच सांभाळायचं." खारूचा जीव भांड्यात पडला. माझ्या पेटीत मूठभर टॉफ्या उरल्या होत्या. तिने त्या घरच्यांत वाटल्या, जेवणानंतर. आजोबांनी आपली खाल्ली, कवळी काढली आणि तीही ब्रशने घासली. "आता काय घासता!" आई म्हणाली. "सवय," आजोबा म्हणाले. "फार उशिरा लागलेली."

मित्रांनो, मला पोचा पडला तर कारागीर ठोकून काढतो. कळ झिजली तर नवी बसते. तुमच्या पुढच्या दातांना असा कारागीर नाही. खाऊ जरूर खा, सुट्टीत तर खाच, पण तो एकदा खाऊन संपवा, गालात भाडेकरू ठेवू नका. कुणी आग्रह केला तर खारूसारखं हसून 'नंतर' म्हणा. ते म्हणायला हिंमत लागते. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, अकरा वर्षांच्या मुलीत.

आता माझं ऐकून झालं ना? मग उठा आणि चूळ भरून या. मी थांबतो. मला थांबायची सवय आहे.