वाळवंटाला दार नसतं

हेमावतीबाईंनी उभ्या जन्मात वाळवंट पाहिलं नव्हतं. पाहिला होता तो फक्त गोकुळ रोडवर यजमानांच्या फाउंड्रीतला वाळूचा ढीग. पण लेक श्रीनिधी जेवेना म्हटल्यावर तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं वाळवंट रचलं आणि त्यात एक वाळूअक्का सोडली. ती वाट चुकलेल्याला त्याच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि ओ देणारा परत येत नाही. ही अक्का काही आभाळातून पडली नव्हती. धारवाडात त्यांच्या गल्लीतल्या जुन्या दारांवर खडूनं कानडीत ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहिलेलं असायचं. ते वाचून हाक मारणारी भुतीण परत फिरते म्हणे. तिलाच बाईंनी उचलून वाळूत नेलं.

“वाळवंटात दारं नसतात की. मग लिहायचं कुठं?” पाच वर्षांच्या श्रीनिधीनं विचारलं.

हातातला घास निवत होता. बाई म्हणाल्या, “तिला सगळ्यांचा आवाज काढता येतो, आईचा तेवढा येत नाही. आईची हाक आली की खुशाल ओ द्यायची.”

पोरानं आ केला. बाईंना स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

त्या गोष्टीनं पोराला वेडच लावलं. चित्रं काढली ती वाळूची, आणि इंजिनिअर झाल्यावर नोकरी धरली ती जैसलमेरकडच्या पवनचक्क्यांवर.

आज दुपारी त्याचा फोन आला. “आई, वाळूचं वादळ उठलंय, जीप रुतलीय. ड्रायव्हरला म्हणे बायकोची हाक ऐकू आली. उतरून गेला तो तासभर पत्ता नाही. हसू नकोस, पण तुझी वाळूअक्का आठवली बघ.”

बाई फोनमध्ये ओरडल्या.

“निधी, काचा वर घे. दारावर बोटानं लिही, नाळे बा. आणि माझी हाक आली तरी उतरायचं नाही. ते मी खोटं सांगितलं होतं रे, तू जेवावास म्हणून!”

पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला. वारा एकदम फोनमध्ये घुसला.

“फोनवर कशाला ओरडतेस, आई? तू बाहेर आलीयस ना? उतरलो की मी.”

“मी इथं आहे! धारवाडात आहे रे मी!”

तेवढ्यात वाऱ्यातून बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. जेवायला बोलवावं तसा, लाडाचा.

“निधी, ये रे बाळा.”

“ओ,” श्रीनिधी म्हणाला.