चालेल का?

आमच्या गाडीचे इतके भाग बदलून झाले होते, की मूळची म्हणावी अशी फक्त खडखड उरली होती. ती मात्र अस्सल होती.

आमची लाँड्री आहे. लॉजवाल्यांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुवायच्या, इस्त्री करून परत पोचवायच्या. गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा, त्यामुळे डावीकडच्या गिऱ्हाइकांना आम्ही आल्याचं कळायचं. उजवीकडच्यांना फोन करावा लागायचा.

आई गाडीला सवत म्हणायची. बाबांना यायला उशीर झाला की, "आज काय हवंय म्हणते सवत? नवीन पाटा, की नुसतंच ऑइल?" बाबा हसायचे आणि हसता हसता कमरेला हात लावून खाली बसायचे.

खरा प्रश्न त्या कमरेचा होता. मणका घासलाय, गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. क्लच दाबला की कळ थेट मानेपर्यंत जायची. माझ्याकडे लायसन्स होतं, पण ते सरकारने दिलेलं, गाडीला ते मान्य नव्हतं. दुसरा गिअर टाकायचा तर आधी तिसऱ्याकडे नेल्यासारखं करून तिला फसवावं लागायचं, आणि ती फक्त बाबांकडून फसायची. नवी गाडी घेतली असती तर मी चालवली असती. पण आई म्हणायची, "जीव आहे गं त्यांचा तिच्यात. तिला काढलं तर झुरतील." म्हणजे गाडी राहिली तर कंबर जाणार आणि गाडी गेली तर बाबाच जाणार. अशा वेळी माणूस काय करतो? काहीच करत नाही. आम्हीही तेच करत होतो, आणि त्यानेही दमत होतो.

त्या सकाळी भर चौकात गिअरचा दांडा उपटून बाबांच्या हातात आला. बाबांनी तो शांतपणे माझ्या मांडीवर ठेवला.

"धर जरा," म्हणाले.

चादरी ओळखीच्या टेम्पोत चढवल्या आणि गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या गाडीसाठी त्याने एक कोपरा राखूनच ठेवला होता. तिथल्या फरशीवर पडलेला ऑइलचा डाग आमच्या गाडीच्या आकाराचा होता.

तो गाडीखाली गेला. बाहेर फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. बाबा एका जुन्या गाडीच्या काढलेल्या सीटवर टेकले.

"गिअरबॉक्स गेला, मालक," चपलांकडून आवाज आला.

"मग? करू या अजून एकदा? चालेल का?"

"चालेल."

दर वेळी एवढंच बोलणं व्हायचं. या वेळी माझं लक्ष चुकून बाबांकडे होतं. 'चालेल' ऐकल्यावर खुश होणाऱ्या माणसाचे खांदे वर जातात. बाबांचे खाली गेले.

"काय चालेल?" मी विचारलं.

"काय म्हणजे?" चपला म्हणाल्या.

"गाडी चालेल, की तुम्हाला चालेल?"

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मला चालेल," मेकॅनिक म्हणाला. "गाडीचं मला कोणी विचारलंच नाही कधी."

"अरे पण मी गाडीचंच विचारतो!" बाबा ओरडले.

"तुम्ही म्हणता, करू या का, चालेल का. मी म्हणतो, चालेल. मालकाची गाडी, मालकाची इच्छा. मी कोण नाही म्हणणार?" तो सरपटत बाहेर आला. "आणि गाडीचं म्हणाल तर ही मागेच संपली. नंतर आपण नुसते सोपस्कार करत होतो."

"मग सांगायचं नाहीस?"

"एवढ्या आशेने बघायचात तुम्ही!"

"आशा कसली, गाढवा! तू कधीतरी नाही म्हणशील म्हणून वाट बघत होतो मी!"

मी हातातला दांडा खाली ठेवला. "मग तुम्हीच म्हणायचं होतं ना, बाबा, बास झालं म्हणून."

"मी कसा म्हणू? तू आणि तुझी आई रात्रंदिवस तिच्याच गप्पा मारता. सवत काय, लाडकी काय. मला वाटलं, तुम्हाला लळा लागलाय."

मी आईला फोन लावला. स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं. पलीकडे वॉशिंग मशीन बंद केल्याचा आवाज आला.

"विका म्हणावं," आई म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून ती आवडत नाही. सवत नाव काय उगाच ठेवलं होतं?"

"विकायची तर घेणार कोण?" बाबा म्हणाले.

"भंगारवाला," मेकॅनिक म्हणाला. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्याने घाईने जोडलं, "चांगला माणूस आहे."

बाबांनी किल्ली मेकॅनिकच्या हातात दिली. त्यांना काहीतरी बोलायचं असावं, पण ते म्हणाले, "हिला डावीकडे वळवू नकोस, दुपारी लोक झोपलेले असतात."

घरी जायला बस घेतली. उद्यापासून गाडी मीच चालवणार, कोणती ते ठरायचं होतं. बाबा खिडकीशी बसले. रस्ता रोजचाच, पण ते बाहेर असे बघत होते, की जणू कोणी नुकताच आणून बसवलाय.

"इथे शाळा आहे?"

"आधीपासून आहे, बाबा. मी तिथेच शिकले."

"तुला पुढच्या फाटकाशी सोडायचो ना, म्हणून ही बाजू कधी बघितलीच नाही," ते म्हणाले.

पुढे थांबा आला. त्यांचा उजवा पाय बसच्या फरशीवर दाबला गेला आणि बस थांबली. पुढच्या थांब्यालाही तसंच. ब्रेक आपणच लावतोय असं त्यांना वाटत असेल तर मी काही बोलणार नव्हते. चार जन्मांचा थकवा एका माणसाच्या मानेवर कसा मावतो ते मला दिसत होतं. ती मान हळूहळू काचेला टेकली आणि बाबा बारीक घोरू लागले.

बाजाराच्या थांब्याला पाय हलला नाही. बस तरीही व्यवस्थित थांबली.