तुसातल्या कात्र्या

१९५७ साल होते. पिंपरीत मोठे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या आडोशाला दौलतरावांचा कात्र्यांचा छोटा कारखाना चालत होता. मी तिथली एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, मला घडवले ते दौलतरावांच्या वडिलांनी, आबांनी, काचेच्या बांगड्या परगावी धाडायला. माझ्यात भाताचे तूस भरायचे आणि त्यात बांगड्या रचायच्या. एकही फुटत नसे. म्हातारबा कौतुकाने माझ्यावर थाप मारत. पुढे धंदा बदलला, तरी कात्र्याही तुसातच जाऊ लागल्या.

त्या पावसाळ्यात सोलापूरहून सगळा माल परत आला. कात्र्यांवर तांबूस डाग पडले होते.

"मन्सूरनं तापल्या पोलादाला पाणी नीट दिलं नाही, म्हणून गंजल्या," दौलतराव म्हणाले. मन्सूर त्यांचा जुना कारागीर.

"शेठ, ती खुंटीवर उघडी टांगलेली कात्री बी माझ्याच हातची हाय. दाखवा गंज!"

दौलतरावांनी मान वळवली नाही. कात्री पाहिली ती त्यांच्या थोरल्या बहिणीने, रुक्मिणीअक्कांनी; तिच्यावर एक डाग नव्हता. मग त्यांनी माझ्यात हात घालून मूठभर तूस दाबले. ते दमट होते.

"दौलत, तूस कशाला घालतोस रे?"

"आबांपासून घालतोय."

"ते झालं. पण कशाला?"

"माल फुटू नये म्हणून."

"कात्री फुटते होय?"

"अक्का, आबांची रीत आहे ती! एक बांगडी खराब झाली नाही."

"अरे बाबा, बांगडी गंजत नाही!"

कामगार खो खो हसले. ती फजिती दौलतरावांना झोंबली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोष मन्सूरच्याच माथी मारून त्याला कामावरून काढले. त्याच आठवड्यात तूस उकिरड्यावर गेले आणि कात्र्या तेल लावून, कागदात गुंडाळून निघाल्या. गंज थांबला. दौलतराव बाजारभर सांगत सुटले, "मन्सूर गेला नि गंज गेला."

मी सगळे पाहत होते. पण पेटीला कोण विचारतो?

अक्कांनी भावाच्या घरचे पाणी सोडले. त्या चाकणला लेकीकडे राहिल्या आणि तिथेच वारल्या. दौलतराव बडे शेठ झाले. धंदा कसा करावा यावर लोक त्यांची भाषणे ठेवत. मन्सूरला पुन्हा कुठल्याच कारखान्याने उभे केले नाही. देहूरोडच्या गल्ल्यांतून विळ्या-सुऱ्यांना धार लावत तो म्हातारा झाला, आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोने, शमीमने, लोकांची धुणी धुतली. मला माळ्यावर वाळवी लागली आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. माणसावर बोट रोखण्याआधी रीत कशासाठी पडली, ते विचारा. आणि उत्तर सापडले, तर ते चारचौघांत बोला. दौलतरावांनी ते गुपचूप वापरले. तेवढ्याने एक माणूस संपला.