टालरवरचा रानमाणूस

सात नाणी आटवून झाली आणि आठवं हातात घेतलं, तेव्हा कुठं अर्जुनी मोरगावच्या केशोराव सोनाराचं लक्ष गेलं. अलीकडं त्याचं कशातच लक्ष नसायचं. चाळीस वर्षं भट्टीपुढं बसून डोळे अधू झाले होते, मनही विटलं होतं. बाया जुनी चांदी आणत, तो आटवी.

ही नाणी ज्या हारातली, तो नवेगाव बांधच्या शामकलाबाईच्या सासूचा. दोन नातींना पायपट्ट्या करायच्या म्हणून शामकलाबाईनं तो सकाळी आणून दिला होता. नाण्यांवर काळा मळ बसला होता. जुने रुपयेच असतील असं समजून त्यानं त्यांच्या कड्या कापल्या आणि ती मुशीत टाकली. आठवं मात्र बोटांतून निसटून रिठ्याच्या पाण्यात पडलं. काढून पुसलं तर त्यावर दाढीवाला उघडा माणूस, कमरेला पानं, हातात मुळासकट उपटलेलं झाड. आणि साल, १६७९.

त्याची पुतणी हर्षा नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवायची. तिला त्यानं फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. जर्मनीतल्या एका लहानशा संस्थानाचं हे नाणं, त्याला टालर म्हणतात. चांदी तिथल्या डोंगरांतल्या खाणींची, आणि हा रानमाणूस त्या डोंगरांचा राखणदार. असे आणखी आहेत का, तिनं विचारलं. केशोरावनं नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला.

दुपारी शामकलाबाई आली. लपवता आलं असतं, पण त्यानं सगळं सांगितलं. सात गेली ती आपल्या आळसानं, हेही सांगितलं. उरलेलं विकलं तर चांदीच्या भावापेक्षा बरंच जास्त येईल, असंही म्हणाला. ती रागावली नाही. पायरीवर बसली.

"माही सासू निजतानीबी हा हार काढे ना," ती म्हणाली. "म्हणे, हा आपला रानातला बाबा होय, जंगलात पाठ राखते. ते गेली अन् हार माह्या गळ्यात आला. बारा साल वागवला, भाऊ. आता थकली मी."

"तं हा एक तरी ठेवा."

"कोणाले देऊ? नाती दोन, अन् हा एक. मी मेल्यावर भांडून राहतीन दोघी. आटवा जी."

केशोरावनं आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग नाणं मुशीत ठेवलं. एरवी तो अशा वेळी बाहेर रस्त्याकडं बघत बसे. आज मुशीतच बघत राहिला. आधी झाड गेलं, मग दाढी, मग सगळंच सपाट झालं. एवढ्या वर्षांत असे किती गेले असतील, ते आठवायचा त्यानं प्रयत्न केला. एकही चेहरा आठवेना.

चौथ्या दिवशी रुची आणि प्रेरणा आजीबरोबर येऊन पायपट्ट्या घालून गेल्या. मग त्यानं हर्षाला फोन लावला.

"एकबी नाही राहिला, बेटा," तो म्हणाला.

 मग तिनं काकाच्या तब्येतीची चौकशी केली.