पंधरा वर्षांतून एकदा लागणारा साचा

“घाई करू नकोस, पोरी. कड वाकडी कापलीस तर ग्रहाला पोक येईल!”

वेधशाळेतल्या वयस्कर काकांचा हा आवाज म्हणजे माझी पहिली आठवण. मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा साचा आहे. मधोमध किंचित चपटा गोल आणि दोन्ही बाजूंना बारीक चीर, एवढंच माझं रूप. ते मला त्या पोरीनं, म्हणजे आताच्या ताईंनी, कापून दिलं. माझ्यातून पेन्सिल फिरवली की कागदावर शनीची बाह्यरेषा उमटते. ढगांचे पट्टे आणि वादळं मग दुर्बिणीतून पाहून भरायची.

शनीचं एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, एकेक ऋतू सात वर्षांहून लांब! पाय टेकायला जमीन नाही, जिकडेतिकडे ढग. आणि वारा असा, की आपलं वादळ त्याच्यापुढे फुंकर. ऋतू सरकतो तशी त्याची कडी आपल्याला कधी पसरट दिसतात, कधी अरुंद. म्हणून कड्यांच्या रुंदीप्रमाणे आम्ही सात साचे, सात भावंडं. तिथं दिवस-रात्र समान होतात, कडी नुसती रेघ होतात, तेव्हा माझी पाळी. सुमारे पंधरा वर्षांतून एकदा!

ताईंनी तरुणपणी नेम धरला होता, की शनीचं एक अख्खं वर्ष चितारायचं, एकही ऋतू गाळायचा नाही. पहिलं चित्र माझ्यातून निघालं. पंधरा वर्षांनी मधलंही. एरवी मी ताईंच्या घरी, खणाच्या तळाशी. एकदा शनीवर भलंमोठं पांढरं वादळ उठलं, तेव्हा म्हणे सगळी वेधशाळा हातातली कामं टाकून धावली. मी आपला खणातून ऐकत होतो. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण निवांतपणही गोड असतं.

परवा खण आवरताना शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी मला उचललं.

“वन्सं, हा रद्दीत देऊ? कधी वापरलेला दिसत नाही.”

“अहो वहिनी, त्याचीच तर पाळी आलीय! शेवटचं चित्र. आणि मी बसलेय एका डोळ्याला ऑपरेशनची पट्टी बांधून, दुसऱ्यानं सगळं धूसर.”

“आहे तरी काय हे? सुईत ओवलेला मणी?”

“शनी आहे तो. ही सुई आता जाड होत जाईल. मग पुन्हा पंधरा वर्षं. तोवर मी कुठली!”

वहिनींनी मला उजेडात धरलं. “जन्मभर काजं बेतली, सूतभर चूक नाही. मी काढते.”

“दिसेल तेवढंच काढायचं हं. शोभेसाठी पदरचं काही घालायचं नाही.”

“दिला शब्द.”

मित्रांनो, क्वचित लागणाऱ्या वस्तूला कोरड्या जागी जपा, वाकू देऊ नका. तिचा ऋतू यायला वेळ लागतो.

आज संध्याकाळी आभाळ निवळलं. वहिनींनी शिवणयंत्रावर कापड टाकलं, मला कोऱ्या कागदांत ठेवलं. ताईंनी पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपून पाहिलं आणि ती त्यांच्या हाती दिली. मला काखेत धरून वहिनी वेधशाळेच्या पायऱ्या चढू लागल्या.