डाव्या हाताची सही

"जाळीचं काही बोलू नका," बायको चौथ्यांदा कुजबुजली. "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सांगतेय."

मास्तरांनी पट्टी बांधलेला उजवा हात मांडीवर सारखा केला. मास्तर काही शाळेतले नव्हेत. बावीस वर्षं पत्रे कापायच्या प्रेसवर. पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. कुणी सहीऐवजी अंगठा उठवला की हसायचे, "वा, अंगठेबहाद्दर!" आता त्या हाताला अंगठाच नव्हता.

नंबर आला. अपघात विमा कार्यालयातल्या बाईंनी कारखान्याचा कागद वाचला. "इथे लिहिलंय, तीनला शिफ्ट सुटल्यावर तुम्ही प्रेसवर खासगी काम करत होतात. तसं असेल तर पेन्शन मिळणार नाही."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

"धडधडीत खोटं आहे, बाई. पण प्रेसची हात वाचवणारी जाळी मात्र मीच काढली होती. माल लवकर निघावा म्हणून. चूक माझीच."

बायकोने कपाळाला हात लावला.

"चूक कोणाची, हे मी विचारतच नाहीये," बाई म्हणाल्या. "जाळीचं आमचे तपासनीस कारखान्याला विचारतील. मला एवढंच सांगा, वेळ काय होती आणि काम कोणाचं होतं. पुरावा आहे?"

बायकोने पिशवीतून दवाखान्याचा कागद आणि मास्तरांच्या खिशातलं, रक्ताने कडक झालेलं कामाचं कार्ड काढलं. दवाखान्यात दाखल, दोन चाळीस. कार्डावर रेखीव अक्षरात, 'तिसरा लॉट सुरू, दोन दहा'. खाली झोकदार सही.

बाईंनी दोन्ही कागद पुन्हा वाचले आणि अर्जावर लिहिलं, 'कामावर असताना'. मग अर्ज पुढे सरकवला. "आता इथे सही. कार्डावरच्या सहीशी जुळायला हवी. नाहीतर डावा अंगठा चालेल."

"अंगठा नको."

मास्तरांनी डाव्या मुठीत पेन धरलं. पहिलंच अक्षर रेघेखाली घसरलं. ज्यांना ज्यांना हसले होते, ते सगळे आठवले आणि मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

"आटपा की हो!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"थांबा जरा!" बायको फिस्कारली. "सही करतायत ते."

बाईंनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या. कुठेच जुळत नव्हत्या.

बाईंनी पेन उचललं, वाकड्या सहीखाली लिहिलं, 'माझ्यासमोर केली', आणि त्याखाली स्वतःची सही केली.